चिक चॉकलेट यांचे चरित्र : बखर आणि कागद

इतिहासाच्या वर्गात साधनांची छाननी शिकविताना आपण बहुधा ताम्रपट, सनदा, महजर, पत्रे आणि बखरी यांचीच उदाहरणे घेतो. नागपुरात तर हे अगदी स्वाभाविक आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी आणि वाकाटक राजवंशांच्या लेखांचे जे बृहत्संपादन केले व जे अनुक्रमे १९५५ आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याने या शहरातील दोन-तीन पिढ्यांना एक सवय लावून दिली. लेखात तिथी आणि वार हे दोन्ही आले असतील, तर त्यांचा गणिताने मेळ बसतो की नाही हे आधी पाहावे. मग त्या लेखातील राजाच्या पराक्रमाकडे वळावे. प्रस्तुत लेखात हीच सवय एका अगदी निराळ्या क्षेत्रात लावून पाहण्याचा विचार आहे. ते क्षेत्र म्हणजे मुंबईतील जॅझ संगीत, आणि ज्यांच्या चरित्राची छाननी करावयाची ते म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईच्या हॉटेलांत नावारूपास आलेल्या वादकाशी नागपूरचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सी. रामचंद्र यांच्या द्वारे येतो. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी पुणतांबे येथे झाला. त्यांच्या संगीतशिक्षणाचा एक महत्त्वाचा काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गेला; पुढे कीर्तीस पोहोचलेले वसंतराव देशपांडे हेही सप्रे यांचेच शिष्य. अशा शास्त्रीय पाठावर वाढलेल्या संगीतकाराने 'शहनाई' (१९४७), 'समाधी' (१९५०) आणि 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांतून पाश्चात्य नृत्यसंगीताला हिंदी चित्रगीतात घर करून दिले. त्या कामात ज्या गोमंतकीय वादकांचे साहाय्य त्यांना झाले, त्यांत चिक चॉकलेट हे अग्रभागी होते. म्हणून चिक यांचे चरित्र शुद्ध असणे ही सी. रामचंद्र यांच्या चरित्राचीही गरज आहे. आणि ते चरित्र लिहिताना नागपूरला आपला वाटा सोडता येणार नाही.

प्रचलित चरित्र थोडक्यात असे. आंतोनियु शाव्हियेर वाझ यांचा जन्म १९१६ मध्ये बार्देश तालुक्यातील हळदोणे या गावी झाला. आई लाडाने 'चिको', म्हणजे लहानगा, अशी हाक मारी, त्याचे 'चिक' झाले. लुई आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्या ऐकून त्यांनी ट्रम्पेट हाती धरले. मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभारला. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' अशी त्यांची ख्याती झाली. नंतर ते चित्रपटसृष्टीत आले आणि मे १९६७ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, निवर्तले. दहा ओळींत मावणारा हा मजकूर आहे. परंतु त्यातील प्रत्येक वाक्यामागे निराळ्या दर्जाचा साक्षीदार उभा आहे, आणि वाचकाला मात्र सर्व वाक्ये एकाच वजनाची भासतात. चरित्रात्मक टिपणांचा हा सर्वसामान्य दोष होय. त्यासाठी लेखक खोटारडा असावा लागत नाही. तो घाईत असला तरी पुरते.

प्रथम नावाचाच प्रश्न घेऊ. गोव्यातील नोंदवहीत हा मनुष्य वाझ आडनावाखाली, पोर्तुगीज वर्णलेखनानुसार सापडावयाचा. हॉटेलांच्या जाहिरातींत आणि मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत तो चिक म्हणून येतो. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तो चिक चॉकलेट आहे. म्हणजे एका माणसाची तीन दप्तरे तीन भाषांत, तीन नावांनी आणि तीन वेगळ्या गावी पडलेली आहेत, आणि एका दप्तराला दुसऱ्याची खबर नाही. त्यातच मधले नाव कोणी 'झेवियर' लिहितो, कोणी 'शाव्हियेर'. वर्णानुक्रमाने शोधणाऱ्याला एवढ्यानेही चकवा बसतो. हे केवळ ख्रिस्ती गोमंतकीयांच्या बाबतीत घडते असे मात्र समजू नये. सी. रामचंद्र यांनी संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि काही चित्रपटांपुरते अण्णासाहेब वा शामू अशी नावे वापरली. तबकडीवर गायक चितळकर आणि संगीत सी. रामचंद्र असे पाहून शंभर वर्षांनंतरचा एखादा परदेशी अभ्यासक ही दोन माणसे मानील, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही. 'महल' (१९४९) मधील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले गेले होते, आणि आवाज लता मंगेशकर यांचा होता. छापील कागदही साक्ष देताना वेषांतर करतो, एवढे या उदाहरणांवरून ध्यानात ठेवावे.

आता वयाचे गणित. 'वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी' या मराठी शब्दांचा अर्थ पन्नास वर्षे पुरी होऊन एक्कावन्नावे चालू असताना, असा होतो. इंग्रजी लेखक मात्र 'वय ५१' असे लिहितो, तेव्हा एक्कावन्न पूर्ण झाली असे त्याला म्हणावयाचे असते. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरविताना हे एक वर्ष सहज गळते किंवा वाढते. चिक मे १९६७ मध्ये निवर्तले. एक्कावन्न पूर्ण असतील तर जन्म मे १९१६ च्या पुढे जाऊ शकत नाही. एक्कावन्नावे चालू असेल तर तो मे १९१६ आणि मे १९१७ यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो, आणि मग '१९१६' या वर्षाचा आधार अर्धाच राहतो. सी. रामचंद्र यांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक स्पष्ट दिसतो. त्यांचे निधन ५ जानेवारी १९८२ रोजी झाले. चौसष्ट पूर्ण होण्यास बरोबर एक आठवडा उरला होता. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट म्हणणारा आणि ते चौसष्टाव्या वर्षी गेले म्हणणारा हे दोघेही बरोबर आहेत. चुकतो तो या दोन वाक्यांत विरोध आहे असे समजून एका बाजूची जन्मतारीख बदलणारा.

वसंतरावांचे उदाहरण तर वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. त्यांचा जन्म २ मे १९२० चा. वयाच्या आठव्या वर्षी त्यांचे गुण हेरून भालजी पेंढारकरांनी त्यांना 'कालियामर्दन' या चित्रपटात कृष्णाची भूमिका दिली, असे वारंवार छापले जाते; आणि त्याच वाक्यात चित्रपटाचे वर्ष १९३५ दिलेले असते. १९३५ मध्ये वसंतराव चौदा-पंधरा वर्षांचे होते. आठवे वर्ष धरावे तर सन १९२७-२८ येते, आणि भारतात पहिला बोलपट लागला तो १९३१ मध्ये. अर्थात एक तर वय चुकले आहे, किंवा गुण हेरले जाण्याचा प्रसंग आणि भूमिका मिळण्याचा प्रसंग असे दोन प्रसंग एकाच वाक्यात कोंबले गेले आहेत. या तपासणीसाठी कोणत्याही दप्तरखान्यात जावे लागत नाही. छापलेले वाक्य सावकाश वाचले की पुरे होते. तरीही असे वाक्य एका टिपणातून दुसऱ्या टिपणात वर्षानुवर्षे जाते, याचे कारण चरित्रवाचकाला बालवयातील चमत्कार प्रिय असतो.

जॅझच्या मूळ भूमीत, म्हणजे अमेरिकेत, या प्रकारची छाननी बरीच पुढे गेली आहे, आणि तिच्यातून आपल्याला पुष्कळ शिकण्यासारखे आहे. ज्या लुई आर्मस्ट्राँग यांचे नाव चिक यांना चिकटले, त्यांचीच जन्मतारीख आयुष्यभर चुकीची होती. आपण ४ जुलै १९०० रोजी जन्मलो असे ते सांगत, आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातही त्यांनी तेच लिहिले. ४ जुलै हा त्यांच्या देशाचा स्वातंत्र्यदिन आणि १९०० हे शतकाच्या वळणावरचे वर्ष. तेव्हा तारीख इतकी शोभिवंत होती की तिच्याविषयी शंका येण्यास वास्तविक तेवढे एक कारण पुरे होते. ६ जुलै १९७१ रोजी ते निवर्तले तेव्हा जगातील वृत्तपत्रांनी त्यांचे वय एकाहत्तर छापले. पुढे १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे स्थानिक संशोधक टॅड जोन्स यांनी तेथील 'सेक्रेड हार्ट ऑफ जीझस' चर्चच्या नोंदवहीत त्यांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधून काढली. तीत जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा आणि बाप्तिस्मा त्याच महिन्याच्या २५ तारखेचा आहे. गॅरी गिडिन्स यांच्या १९८८ मधील ग्रंथाने ही नोंद सर्वांपुढे आणली. जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत झालेल्या नोंदीपुढे स्वतः चरित्रनायकाचे निवेदनही मागे पडले. आपल्या जन्माच्या वेळी मनुष्य हजर असतो खरा, परंतु साक्षीदार म्हणून नव्हे.

तथापि येथे एक सूक्ष्म भेद करावा लागतो. आर्मस्ट्राँग यांनी सैनिक-नोंदणीच्या वेळी, १९१८ मध्येच, ४ जुलै १९०० ही तारीख लिहून दिली होती. त्या वेळी ते जगप्रसिद्ध नव्हते. म्हणजे ही तारीख कीर्तीच्या शिखरावरून मागे वळून रचलेली नाही. तिला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. चुकीचे विधान आणि खोटे विधान यांतील हा भेद आपल्याकडील चरित्रलेखनात फार थोड्या वेळा केला जातो.

जेली रोल मॉर्टन यांची गोष्ट याहून तिखट आहे. त्यांनी १९३८ मध्ये एका संगीतविषयक नियतकालिकास पत्र लिहून आपण १९०२ साली जॅझ निर्माण केले असा दावा केला. स्वतःचा जन्म ते १८८५ चा सांगत. त्या हिशेबाने १९०२ मध्ये ते सतरा वर्षांचे ठरतात, आणि सतरा वर्षांच्या बुद्धिमान पियानोवादकाने काही नवे केले असेल हे मानता येते. परंतु त्यांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यात जन्म २० ऑक्टोबर १८९० चा आढळतो. मग १९०२ मध्ये ते अकरा-बारा वर्षांचे बालक होते. एका जन्मतारखेने केवळ एका माणसाचे वयच बदलत नाही. एका संपूर्ण कलेच्या उगमाविषयीचा दावा तिच्याबरोबर उभा राहतो किंवा पडतो. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद इतकी वर्षे का चालला हे ज्यांना समजत नाही, त्यांनी हे उदाहरण पाहावे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्धीस आणली तेव्हा शके १५४९ ची बखरींतील तिथी आणि शके १५५१ ची शकावलीतील तिथी यांचा झगडा सुरू झाला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे स्वीकारली ती २००१ मध्ये.

आणि तिसरे उदाहरण बडी बोल्डन यांचे. जॅझचा आद्यपुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतात त्या या वादकाचे वाजविणे ऐकण्यासारखी एकही तबकडी उपलब्ध नाही. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जॅझमेन' या ग्रंथाने त्यांचे असे चित्र रंगविले की, ते न्हाव्याचे दुकान चालवीत आणि गावगप्पांचे एक पत्रक संपादित करीत. पुढचे सर्व लेखक हेच लिहीत गेले. डोनाल्ड मार्किस यांनी शहराच्या निर्देशिका, जनगणनेची पत्रके, पोलिस आणि रुग्णालयांच्या नोंदी एकेक करून चाळल्या आणि १९७८ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. बोल्डन हे न्हावी नव्हते आणि संपादकही नव्हते. त्यांचा जन्म १८७७ चा. १९०७ मध्ये त्यांना लुइझियानाच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि तेथेच १९३१ मध्ये त्यांचा अंत झाला. मार्किस यांच्या ग्रंथात पूर्वीच्या कथांतील मौज नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु चोवीस वर्षे भिंतीआड काढलेल्या माणसाला त्याचे खरे आयुष्य परत मिळाले.

या तिन्ही उदाहरणांत निर्णायक ठरले ते प्रसंगाच्या जवळचे, त्या प्रसंगाविषयी बढाई मारण्याचे कारण नसलेल्या लेखनिकाने केलेले, सामान्य टिपण. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर 'कागद'. याउलट गुणगान करण्यासाठी, श्रोता समोर ठेवून, मागाहून सांगितलेली हकीकत ती 'बखर'. अर्थात सर्व बखरी सारख्या नव्हेत. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर चरित्रनायकाला पाहिलेल्या माणसाने लिहिलेली आहे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतरची आहे. मुंबईच्या जॅझविषयी आज जे लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, त्यातील ग्रेगरी बूथ यांचा २००८ मधील ग्रंथ आणि नरेश फर्नांडिस यांचा 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हा २०१२ मधील ग्रंथ ही दोन प्रमुख साधने होत. पहिला मुख्यतः चित्रपटसृष्टीतील वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. दुसऱ्यात मुलाखतींना तत्कालीन वृत्तपत्रे आणि छायाचित्रे यांची जोड आहे. सभासदाच्या वर्गात बसणारी ही साधने आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. त्यांच्यातून मजकूर उचलून, दुवा न देता, वाटेत थोडी भर घालून जी टिपणे फिरतात, ती चिटणिसांच्या वर्गातली.

वादकाच्या तोंडी साक्षीविषयी प्रस्तुत लेखकाचे एक मत आहे, ते येथे नोंदवितो. वादक आपल्या हातच्या कामाविषयी विश्वसनीय असतो. कोणत्या खुर्चीवर कोण बसे, पाने कोण लिही, ध्वनिमुद्रण संपल्यावर पैसे रोख कसे मिळत, कोणाचा फुंकण्याचा दम कसा होता, हे त्याला पन्नास वर्षांनंतरही आठवते, कारण ते त्याच्या शरीराने शिकलेले असते. सालांविषयी मात्र तो अगदीच अविश्वसनीय असतो. त्याच्या लेखी काळ म्हणजे 'त्या हॉटेलात असताना' आणि 'ते हॉटेल सोडल्यावर'. म्हणून मुलाखतीतून माणसे, कामाच्या रीती आणि क्रम घ्यावा. साल दुसरीकडून आणावे. उलट चित्रपटाच्या श्रेयनामावलीतून साल पक्के मिळते, पण काम करणारी माणसे मिळत नाहीत.

ही माणसे न मिळणे हाच या विषयातील खरा व्यथेचा भाग आहे. हिंदी चित्रगीत घडण्याची त्या काळची रीत अशी की, संगीत-दिग्दर्शक चाल बांधी. ती चाल नोटेशनमध्ये उतरवून, व्हायोलिन काय वाजवतील, ट्रम्पेट कोठे येईल, गिटारचे स्वरसंवाद कोणते, हे अरेंजर म्हणजे संगीत-संयोजक ठरवी. आणि मग वादक ते वाजवीत. संयोजकांत गोमंतकीयांचा भरणा होता, कारण गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचणे लहानपणीच शिकविले जाई, आणि मुंबईत त्या काळी ही विद्या दुर्मीळ होती. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट ही त्यांतील ठळक नावे. पण तबकडीवर गायक, गीतकार आणि संगीत-दिग्दर्शक यांपलीकडे नाव छापण्याची चाल नव्हती. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी १९८० पासून 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध करून चित्रगीतांच्या अभ्यासावर अपार उपकार केले आहेत. तथापि त्या कोशाचा आधार प्रामुख्याने तबकड्या आणि गीतपुस्तिका हा असल्यामुळे, जे तेथे छापलेच गेले नाही ते कोशात तरी कोठून येणार?

या पोकळीत कीर्ती शिरते. १९५० च्या दशकातील गीतात ट्रम्पेट झळकले की ते चिक यांचेच, असे म्हणण्याचा रसिकांचा कल आढळतो. यात चिक यांचा गौरव होतो असे वाटते. प्रत्यक्षात दोन अपराध होतात. ज्या दुसऱ्या वादकाने ते स्वर फुंकले त्याचे नाव कायमचे पुसले जाते, आणि चिक यांचे स्वतःचे जे निश्चित काम आहे ते अनिश्चित कामाच्या ढिगाखाली झाकले जाते. 'नादान' (१९५१) आणि 'रंगीली' (१९५२) या चित्रपटांचे संगीत-दिग्दर्शक म्हणून चिक चॉकलेट हेच नाव आहे. 'नादान' मधील तलत महमूद यांनी गायिलेले गीत अद्याप ऐकले जाते. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना संगीतकार ठाऊक असतो? पराव्यांनिशी सिद्ध असलेले हे श्रेय मागे राहते आणि कानाच्या अंदाजाने दिलेले श्रेय पुढे येते, हा उलटा न्याय आहे.

'अलबेला'मध्ये तर चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. याहून भक्कम पुरावा कोणता, असे वाटेल. पण येथेही प्रश्न विचारलाच पाहिजे : हा पुरावा कशाचा? पार्श्वगायनाच्या पद्धतीत गीताचे ध्वनिमुद्रण आधी होते आणि त्यावर नंतर चित्रीकरण होते. ओठ हलविणारी नटी गायिका असल्याचे आपण मानीत नाही. मग बोटे हलविणारा वादक तेच सूर वाजवीत आहे असे का मानावे? पडद्यावरील दृश्यावरून चिक यांचा चेहरा, त्यांचा पोशाख, आणि १९५१ पूर्वी भगवानदादा व सी. रामचंद्र यांच्या वर्तुळात त्यांचे स्थान किती मानाचे होते हे सिद्ध होते. ध्वनिपट्टीवरील ट्रम्पेट त्यांचे असणे त्यामुळे फार संभवनीय ठरते. ते सिद्ध होण्यास त्या ध्वनिमुद्रणाला हजर असलेल्याची साक्ष लागते. संभवनीय आणि सिद्ध या दोन शब्दांतील अंतर राखणे हाच आपला व्यवसाय आहे.

'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' या बिरुदाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. बिरुद हा पुरावा असतो, पण तो ज्याला दिले त्याच्यापेक्षा देणाऱ्यांविषयी अधिक सांगतो. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ रुजविणारे वादक थेट अमेरिकेतून आले होते. लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच १९३५ मध्ये ताज महाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड तर पुढे याच देशात राहिले आणि १९४५ मध्ये कलकत्त्यास वारले. म्हणजे गोमंतकीय वादकांना हे संगीत केवळ तबकड्यांवरून शिकावे लागले असे नव्हे. त्याचे जाणते गुरू काही वर्षे मुंबईतच होते. तबकडी ऐकून एकलव्यासारखे शिकलेल्या वादकाची कथा मनोहर आहे, परंतु ती सांगताना मुंबईत प्रत्यक्ष वाजविणाऱ्या या अमेरिकनांना वगळणे अनैतिहासिक होय.

असाच एक कार्यकारणभाव सर्रास सांगितला जातो तो दारूबंदीचा. मुंबई राज्यात १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी लागू झाली, हॉटेलांतील नृत्यसंध्या ओसरल्या आणि वादक चित्रपटांकडे वळले, अशी मांडणी केली जाते. तीत तथ्य आहे. पण सालांचा क्रम ती पूर्णपणे सोसत नाही. 'शहनाई' १९४७ चा चित्रपट. त्यातील गाजलेल्या 'संडे के संडे' या गीतात पाश्चात्य वाद्यवृंद आधीच हजर आहे. सेबास्टियन डिसूझा लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालवीत होते. त्यांना मुंबईस आणले ते फाळणीने. इंग्रज अधिकारी आणि लष्कर परत गेल्याने नृत्यगृहांचा मोठा ग्राहक गेला, आणि संस्थाने विलीन झाल्यावर तेथील बँडही सुटले. तेव्हा दारूबंदीने चालू असलेल्या ओघास जोर दिला असे म्हणावे. तिला उगम म्हणू नये. कार्य १९४७ मध्ये दिसत असता कारण १९५० चे कसे असेल?

काही आख्यायिका मात्र तपासूनही टाकून देऊ नयेत. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका' या गीताच्या जन्माची कथा अशी की, संगीतखोलीबाहेर मुले गणतीचा खेळ खेळत होती, त्यावरून सी. रामचंद्र आणि त्यांचे गोमंतकीय सहकारी जॉन गोम्स यांना ते निरर्थक बोल सुचले आणि गोम्स यांनी त्यांत कोंकणीची भर घातली. मुलांचा खेळ खरा की मागाहूनचा, हे ठरविण्याचे साधन कागदात सापडण्याजोगे नाही. पण गीतात दोन स्पष्ट कोंकणी शब्द आहेत, हे कोणीही कानाने पडताळू शकतो. कथेचा गाभा, म्हणजे शब्दरचनेत गोमंतकीय हात होता हा, गीतानेच सिद्ध केला. मुले बाहेर खेळत राहिली तरी हरकत नाही. अँथनी गोन्साल्विस यांच्या बाबतीत तर उलटे झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गीतात गुरूचे नाव गोवले आणि नाव घरोघरी पोहोचले. पण ते काल्पनिक पात्राचे नाव आहे अशीच बहुतेकांची समजूत राहिली. माजोर्डे येथे १९२७ मध्ये जन्मलेले, १९६५ मध्ये अमेरिकेस गेलेले आणि २०१२ पर्यंत हयात असलेले हे गृहस्थ विचारले असता उत्तर देऊ शकत होते. चिक यांना विचारण्याची सोय १९६७ मध्येच संपली.

तेव्हा त्यांच्या चरित्राचा आरंभ दुरुस्त करावयाचा तर हळदोण्यास जावे लागेल. तेथील सेंट थॉमस चर्च १५९६ चे आहे, आणि गोव्यात चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींखेरीज पोर्तुगीज कायद्याने सुरू झालेली जन्माची नागरी नोंदणीही आहे. १९१६ चा जन्म या दुसऱ्या व्यवस्थेच्या आरंभीच्या वर्षांत पडतो. म्हणजे एकाच जन्माची दोन परस्परांहून स्वतंत्र टिपणे पडताळून पाहता येतात. ही सोय आर्मस्ट्राँग यांच्या संशोधकांच्या वाट्यास आली नव्हती. दोन्ही ठिकाणी मागणी वाझ या आडनावाने करावी आणि आई-बापांची नावे आधीच विचारून घेऊन जावे, कारण बार्देशात वाझ पुष्कळ आहेत, आणि आंतोनियु तर घराघरात आहे. चॉकलेट या नावाने विचारल्यास कारकून हसेल, आणि ते योग्यच होईल.